लवादाकडे जायचंय? आधी कराराचं मागचं पान काढा

सांगलीजवळच्या कुपवाड एमआयडीसीत जॉबवर्क करणाऱ्याचं बिल पुण्याच्या कंपनीत अडकलं, की तो वकिलाकडे धावतो. वकील आधी करार मागतो. शेवटच्या पानावर बारीक अक्षरात एक कलम असतं: वाद लवादाकडे जाईल, ठिकाण अमुक. सही करताना ते कोण वाचतो?

लवाद म्हणजे दोन्ही बाजूंच्या संमतीने नेमलेला पंच. पण गावच्या पंचासारखी समजूत घालून तो थांबत नाही. त्याच्या निवाड्याची अंमलबजावणी कोर्टाच्या हुकूमनाम्यासारखी होते.

१. वाद कुठला, ते पाहा. बिल, भागीदारी, बांधकामाचं कंत्राट यांना १९९६चा लवाद कायदा लागतो. त्यासाठी लेखी करार हवा. कामगाराचं तसं नाही. थकलेल्या पगाराच्या एका प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने २०१२ मध्येच सांगितलं, की नेमणूकपत्रातल्या लवादाच्या कलमामुळे कामगार न्यायालयाचा दरवाजा बंद होत नाही. कामगारांच्या वादातही लवाद नेमता येतो, पण वाद उभा राहिल्यावर दोन्ही बाजूंनी तसं लिहून द्यावं लागतं. ही सोय १९४७च्या औद्योगिक विवाद कायद्यात होती, २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेतही आहे. कामावरून काढलं असेल तर मात्र सलोखा अधिकाऱ्याकडे अर्ज द्या; ४५ दिवसांत तोडगा निघाला नाही, तर थेट न्यायाधिकरणात जाता येतं.

२. नोटीस पाठवा. कलम कोणतं, रक्कम किती, लवाद म्हणून कोण सुचवता, हे लिहा. स्पीड पोस्टाची पावती जपा, कारण समोरच्याला नोटीस मिळते त्या दिवशी कार्यवाही सुरू झाली असं धरतात.

३. लवाद नेमा. 'आमचे साहेबच लवाद' हे कलम आता चालत नाही. २०१५च्या दुरुस्तीने समोरच्याचा नोकर बाद ठरतो. ३० दिवसांत एकमत झालं नाही, तर उच्च न्यायालयात अर्ज करायचा. ठिकाण सांगली-सातारा असेल तर ऑगस्ट २०२५ पासून त्यासाठी मुंबई गाठायला नको, उच्च न्यायालयाचं कोल्हापूरचं सर्किट बेंच आहे.

४. कागद मांडा. दावा आणि उत्तर ६ महिन्यांत, त्यानंतर निवाडा १२ महिन्यांत. दोघांच्या संमतीने आणखी ६. लवादाची फी साधारणपणे निम्मी-निम्मी, ती आधीच विचारून घ्या.

५. निवाडा पटला नाही तर ३ महिन्यांत जिल्हा न्यायालयात आव्हान द्या. सबळ कारण असेल तर वर ३० दिवस, त्यापुढे एकही नाही. 'लवादाचा हिशेब चुकला' एवढ्यावर निवाडा रद्द होत नाही.

लघुउद्योजकाला आणखी एक वाट आहे. माल देण्याआधी उद्यम नोंदणी (लघुउद्योगाची सरकारी नोंदणी) झालेली असेल, तर लघुउद्योगांसाठीच्या २००६च्या कायद्याखाली थकीत बिलांचे वाद ऐकणाऱ्या सुविधा परिषदेकडे जा. ही वाट करारातल्या कलमाला वरचढ ठरते, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये स्पष्ट केलंय. मग ठिकाण चेन्नई लिहिलेलं असलं तरी बिघडत नाही.

नवा करार करणार असाल, तर सहीआधी 'लवादाचे ठिकाण सांगली' एवढे तीन शब्द घालून घ्या.