कुंडीभोवतीचं चिलट नेमकं कोणतं? ओळखायची रीत

इंदुरात पावसाळ्यात कुंड्यांची माती आठ-आठ दिवस वाळत नाही आणि घरात काळी, नाजूक चिलटं दिसू लागतात. कुणी त्यांना डास समजून लिक्विड मशीन लावतं, कुणी मोरीत फिनेल ओततं. किडा ओळखल्याशिवाय केलेले हे उपाय बहुधा वाया जातात, कारण प्रत्येकाची अंडी घालायची जागा वेगळी असते.

आधी किडा धड हाती यायला हवा. टाळी मारून चिरडलेल्या चिलटावरून काहीही कळत नाही. ते खिडकीच्या काचेवर बसलं की त्यावर छोटी पारदर्शक डबी पालथी घाला, खालून कागद सरकवा आणि डबी अर्धा तास फ्रीझरमध्ये ठेवा. पिवळा चिकट कार्ड किती चिलटं आहेत ते पाहायला उत्तम, ओळखायला वाईट: किडा उपटताना पाय आणि मिशा गोंदातच राहतात.

आता दहापट मोठं दाखवणारं भिंग घ्या. किडा पारदर्शक प्लास्टिकवर ठेवून खाली मोबाइलचा पांढरा स्क्रीन लावला की पंखांच्या शिरा स्वच्छ दिसतात. पंख गुंडाळला असेल तर त्यावर सॅनिटायझरचा एक थेंब टाका. सॅनिटायझर पातळ हवा, जेल नको. शेजारी मिलिमीटरची पट्टी ठेवून वरून, बाजूने आणि समोरून असे तीन फोटो काढा.

सगळ्यात आधी पंख पाहा, रंग नंतर. कुंडीतलं बुरशी-चिलट, म्हणजे सायरिडी कुळातलं, साधारण 2 ते 4 मिलिमीटरचं असतं आणि पंख धुरकट असतात. पंखाच्या मधोमध एक शीर गुलेलीच्या बेचकीसारखी फाटते. बेचकीचा दांडा पुष्कळदा इतका फिकट असतो की नुसता फाटाच तरंगतोय असं वाटतं. मिशा लांब, मण्यांच्या माळेसारख्या, 16 खंडांच्या. समोरून पाहिलं तर दोन्ही डोळे मिशांच्या वर अरुंद पुलाने जोडलेले दिसतात. दुसरं एक बुरशी-चिलटांचं कुळ आहे, मायसेटोफिलिडी. त्यात हा पूल नसतो, पाठ कुबडी असते आणि पायांवर ठसठशीत काटे असतात.

डोळ्यांचा पूल गॉल मिज नावाच्या चिलटांतही सापडतो. पण त्यांच्या पंखात मोजक्याच शिरा असतात आणि पायाच्या नळीच्या टोकाला काटा नसतो. फसगत होते ती इथेच.

बाकीचे पाहुणे सोपे. केसाळ, पतंगासारखी, पंख छपरासारखे ठेवणारी असेल तर ती मोरीतली माशी. बुटकी, पिवळट, बहुधा लाल डोळ्यांची, केळ्यापेरूंवर घोंघावणारी असेल तर फळमाशी. उडण्यापेक्षा झटके देत पळणारी कुबडी माशी वेगळीच, फोरिड. डासाला लांब सोंड असते आणि पंखांवर खवले. बुरशी-चिलटाला यातलं काहीच नसतं, ते चावतही नाही.

शंका उरली तर बटाट्याला विचारा. कच्च्या बटाट्याची 1 सेंटिमीटर जाड चकती ओल्या मातीवर दाबून ठेवा, दोन दिवसांनी उलटून पाहा. खाली पारदर्शक पांढरट, बिनपायी, चमकदार काळ्या डोक्याच्या अळ्या दिसल्या तर चिलटं त्याच कुंडीतली. फळमाशी आणि फोरिडच्या अळ्यांना असं वेगळं काळं डोकं नसतं. प्रत्येक कुंडीत वेगळी चकती ठेवा. बहुधा एखाददुसरीच कुंडी सगळ्या घराला पुरवठा करत असते.

ती कुंडी बऱ्याचदा अर्धकच्चं खत घातलेली असते. इंग्रज शेतीशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड यांनी 1924 ते 1931 या काळात इंदुरातच जी कंपोस्टची ‘इंदूर पद्धत’ बसवली, तिच्यात ढीग तापू देणं आणि वेळोवेळी उलथवणं याला फार महत्त्व आहे. बादलीत नुसतं कुजलेलं, न तापलेलं खत म्हणजे या अळ्यांसाठी पंगतच.

जातीपर्यंत जायचं असेल तर भिंग पुरत नाही. शेपटीला चिमटा असलेले नर (मादीचं टोक निमुळतं असतं) 70 टक्के अल्कोहोलच्या बाटलीत घाला. त्या चिमट्याची रचना सूक्ष्मदर्शकाखाली पाहूनच जात ठरते. तारीख, ठिकाण आणि झाडाचं नाव कागदाच्या कपट्यावर पेन्सिलीनेच लिहून कपटा बाटलीत टाका. पेनची शाई अल्कोहोलमध्ये विरघळते आणि बिननोंदीचा नमुना कुणाच्या कामाचा राहत नाही.