थंडीत पहाटे निघायचंय? आधी टायरची हवा

डिसेंबर-जानेवारीत नाशिकहून पहाटे मुंबईला निघणार असाल, तर कागदपत्रं, फास्टॅग, पाणी तुमचं तुम्ही बघालच. हवा मात्र टायर थंड असतानाच मोजा. मागच्या हिवाळ्यात माझं नेमकं हेच राहिलं. गावभर फिरून आल्यावर दुपारी पंपावर ३३ पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) करून घेतली आणि पहाटे गाडी सुरू करताच डॅशबोर्डवर टायरची हवा कमी असल्याचा, उद्गारचिन्हाचा पिवळा दिवा.

तापमान साडेपाच-सहा अंशांनी उतरलं की टायरचा दाब साधारण एक पीएसआयने उतरतो. आपल्याकडे दुपारी २८ आणि पहाटे ८ अंश असू शकतात, निफाडकडे त्याहून कमी. म्हणजे पंक्चर नसतानाही रातोरात तीनेक पीएसआय कमी. वर दुपारच्या त्या ३३ मध्ये पळून तापलेल्या टायरची उष्णताही असते. नायट्रोजन भरलाय म्हणून सुटका नाही, तोही तसाच आकसतो.

म्हणून गाडी किमान तीन तास उभी राहिलेली हवी, नाहीतर पंप दीड किलोमीटरच्या आत हवा. त्यापेक्षा गेज आणि १२ व्होल्टचा छोटा पंप डिकीत ठेवा. आकडा ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरचा घ्यायचा. टायरवर कोरलेला कमाल मर्यादेचा असतो, तो भरू नका! आणि तापलेल्या टायरचा आकडा जास्त दिसला म्हणून हवा सोडायला लावू नका. थंड टायर, थंड टायर, थंड टायर.

दिवा लागलाच तर चारही चाकं मोजा. चारही सारखीच उतरली असतील तर थंडी. एकच उतरलं असेल तर खिळा शोधा. ऊन चढल्यावर दिवा आपोआप विझला तरी हवा कमीच आहे, दुसऱ्या पहाटे तो परत लागणार. सुरू करताना मिनिटभर लुकलुकून मग स्थिर राहिला तर बिघाड यंत्रणेत आहे, गॅरेज गाठा.

काही गाड्यांत चाकात दाब मोजणारा सेन्सर नसतो, एबीएस (ब्रेक लावताना चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा) चाकाच्या फिरण्यावरून अंदाज बांधतं. चारही चाकं सारखी उतरली तर ते फसू शकतं, तेव्हा दिवा नाही म्हणून निर्धास्त राहू नका. अशा गाडीत हवा भरल्यावर दाबाच्या दिव्याची यंत्रणा रीसेट करायची, तेही थंड टायरवर नीट भरूनच.

स्टेपनीत बहुधा सेन्सर नसतो, तीही मोजा. व्हॉल्व्हची टोपणं लावा. जॅक, पाना बघा. निघा.