शास्त्रीय गाणं मोबाईलवर ऐकताय? मग या चुका टाळा

दर सुट्टीत घरातलं कोणीतरी विचारतं, क्लासिकल ऐकायचंय, कुठून सुरुवात करू? मी एखादं रेकॉर्डिंग पाठवतो आणि दोन दिवसांनी उत्तर येतं, झोप आली. मग खोदून विचारलं की कळतं, ऐकलंच चुकीचं होतं.

सगळ्यात वाईट सवय म्हणजे स्पीड वाढवणं. गेल्या मे महिन्यात पुण्याहून भाचा आला होता इंदूरला. त्याला मी गायक अमीर खाँसाहेबांचा मारवा राग दिला, तो जुना एलपी, म्हणजे मोठी तबकडी, एका बाजूला मारवा नि दुसऱ्या बाजूला दरबारी, आता नेटवर सहज मिळतो. याने तो दीडपट स्पीडवर लावला, वर मधेमधे पुढे ढकलत गेला, आणि सकाळचे पोहे संपायच्या आत म्हणाला, मामा, यात काही होतच नाहीये. मला खरंच लागलं ते. अरे, खाँसाहेब याच गावात लहानाचे मोठे झाले, अतिविलंबित, म्हणजे अगदी संथ लय ही त्यांची ओळख, 14 मात्रांचा झूमरा ताल इतका सावकाश चालतो की दोन मात्रांच्या मधे स्वर निवांत बसतो. तीच जागा तू कापलीस तर उरणार काय?

संध्याकाळी त्याला गच्चीवर नेलं, कारण मारवा दिवस मावळतानाचा राग. काम एकच दिलं, सा कधी येतो ते बघ. मारव्यात पंचम, म्हणजे प, नाहीच, आणि सा वर गाणारा सहजासहजी टेकत नाही, कोमल रे आणि शुद्ध ध, नि यांच्यातच फिरत राहतो, तानपुरा सा देत असतो आणि गाणं त्याच्या कडेकडेनं जातं. पाच-सात मिनिटांनी भाचा सरळ होऊन बसला. सा लागला तेव्हा त्याच्या तोंडून आपोआप "हां" निघालं. मी काहीच समजावलं नव्हतं.

माझी सवय सांगतो: नवीन रेकॉर्डिंगची पहिली 10 मिनिटं फोन उलटा ठेवून ऐकायची. कमेंट वाचायच्या नाहीत, कोणाला फॉरवर्ड करायचं नाही.

फोनच्या स्पीकरवर तर लावूच नका. खर्ज, म्हणजे खालचे जाड सूर, आणि डग्ग्याचा घुमारा त्यात येतच नाही, आणि खाँसाहेबांचं अर्धं गाणं मंद्रात, म्हणजे खालच्या सप्तकात आहे! साधे वायरवाले इअरफोन चालतील.

जुन्या 78 आरपीएमच्या तबकड्या खरखर करतात म्हणून बंद करू नका, एका बाजूला जेमतेम तीन मिनिटं मिळायची, त्यात गवयाने सगळा राग मांडलेला असतो.

तीस सेकंदांत राग ओळखायला शिकवणारे रील सोडून द्या. नाव पाठ होतं, राग नाही.

आता दुसरी चूक, जी जाणकार म्हणवणारेच जास्त करतात: सिनेमातलं गाणं म्हणजे हलकं. 1952 चा 'बैजू बावरा' काढून बघा, दरबारातली ती जुगलबंदी, राग देसी. तानसेनासाठी अमीर खाँसाहेब गायलेत आणि बैजूसाठी द. वि. पलुसकर, म्हणजे ग्वाल्हेर घराण्याचा गळा. आमच्याकडे दिवाळीत हा खेळच असतो, एकदा व्हिडिओ बघायचा, मग सगळ्यांनी डोळे मिटायचे, खाँसाहेब आले की उजवा हात वर, पलुसकर आले की डावा. पहिल्यांदा सगळ्यांची गडबड होते, मोठ्यांची जास्त, तिसऱ्यांदा मुलं बरोबर पकडतात. त्यानंतर 1955 च्या 'झनक झनक पायल बाजे'चं शीर्षक गीत लावायचं, राग अडाणा, पुन्हा खाँसाहेबच, पण इथे आवाज कसा उसळतो बघा. हे दोन्ही कानात बसले की मगच मोठा ख्याल, म्हणजे सावकाश उलगडणारं लांब गाणं. माझी आठ वर्षांची पुतणी याच वाटेनं आली, आता मारवा लागला की पहिल्या सुरालाच उजवा हात वर करते.