एक गल्ली, एक वेळ: पोलिसांसोबत वस्तीतील गुन्हे कमी करण्याची पद्धत

पोलीस ठाण्यात होणाऱ्या बहुतेक नागरिक बैठका एकाच तऱ्हेने पार पडतात. वरिष्ठ निरीक्षक चार शब्द बोलतात, सोसायट्यांचे सचिव पार्किंगची तक्रार मांडतात, मंडळाचे कार्यकर्ते ध्वनिक्षेपकाच्या वेळेची चौकशी करतात, चहा होतो आणि मंडळी पांगतात. अशा बैठकीतून ओळख होते आणि ती पुढे कामालाही येते. परंतु गुन्हे कमी होत नाहीत, कारण ‘आपल्या भागात चोऱ्या फार वाढल्या आहेत’ एवढ्या सांगण्यावर कोणत्याही हवालदाराला काही करता येत नाही. त्याला हाती धरता येईल अशी माहिती वेगळी असते. समजा, लालबाग-परळ भागात बंद गिरणीच्या भिंतीलगतच्या एखाद्या गल्लीत, संध्याकाळी साडेसात ते नऊच्या दरम्यान, दोन महिन्यांत चार जणांचे मोबाइल दुचाकीवरून हिसकावले गेले. एवढे नेमकेपणाने सांगता आले की गस्त कुठे आणि कधी हवी, हे आपोआप ठरते.

ही माहिती गोळा करण्यासाठी नवी समिती स्थापन करण्याची घाई करू नये. चाळीत आणि इमारतींत माणसे जोडणारी जाळी आधीपासूनच असतात: गणेशोत्सव मंडळ, महिला बचत गट, रिक्षा किंवा टॅक्सीचा स्टँड, रात्रपाळीचे वॉचमन, पहाटे येणारे दूधवाले व पेपरवाले. प्रत्येकातून एक माणूस घ्यावा, आणि निम्म्याहून अधिक स्त्रिया असाव्यात. ही केवळ शोभेची अट नाही. पोलीस आयुक्त ए. एन. रॉय यांच्या कारकिर्दीत आधी पुण्यात आणि पुढे मुंबईत झोपडपट्टी पोलीस पंचायती, म्हणजे पोलिसांसोबत काम करणारे वस्तीतल्याच रहिवाशांचे गट, उभ्या राहिल्या, तेव्हा प्रत्येक पंचायतीत सात स्त्रिया आणि तीन पुरुष अशी रचना ठेवली होती. दारू, घरातील मारहाण, पाण्यावरून होणारी भांडणे यांची खबर सर्वांत आधी ज्यांना लागते, त्यांच्याच हाती काम सोपवण्याचा तो साधा हिशेब होता.

एक वही करावी. तीत घटनेची तारीख, वार, वेळ, नेमकी जागा, काय गेले आणि पोलिसांत नोंद झाली की नाही, एवढेच लिहावे. संशयिताचे नाव, जात, धर्म किंवा ‘अमक्या वस्तीतील पोरे’ असले शेरे लिहू नयेत. नोंदीचा रकाना सर्वांत महत्त्वाचा आहे. चोरीला गेलेला मोबाइल ‘गहाळ’ म्हणून नोंदवून दाखला घेण्याची सवय नागरिकांनाही सोयीची वाटते, कारण नवे सिमकार्ड तेवढ्यावर मिळते. पण गहाळ वस्तूला चोर नसतो, आणि ज्या जागी कागदावर गुन्हाच घडलेला नाही, तिथे जादा गस्त कोण लावणार? १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत हिसकावून केलेली चोरी हा कलम ३०४ खाली स्वतंत्र गुन्हा आहे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार दखलपात्र गुन्ह्याची (ज्यात पोलीस वॉरंटविना अटक करू शकतात) खबर हद्दीचा मुद्दा आड न येता देता येते, आणि नोंदीची प्रत विनामूल्य मिळते. ऑनलाइन खबर दिल्यास तीन दिवसांत तिच्यावर सही करावी लागते, हे विसरू नये.

हद्दीवरून आठवले. मुंबईत कित्येक ठिकाणी रस्त्याची एक बाजू एका पोलीस ठाण्याकडे आणि दुसरी शेजारच्या ठाण्याकडे असते, आणि ही रेषा रहिवाशांपेक्षा चोरांना अधिक चांगली ठाऊक असावी, असे कधीकधी वाटते. आपली गल्ली अशा रेषेवर असेल तर दोन्हीकडच्या बीट अंमलदारांना, म्हणजे त्या भागाची जबाबदारी असलेल्या पोलिसांना, एकाच वेळी बोलवावे.

वहीत पंधरा-वीस नोंदी झाल्या की सर्वांत दाट जागा निवडावी आणि बीट अंमलदारासह त्याच जागी, त्याच वेळी चालून यावे. सकाळी अकरा वाजता पाहिलेली गल्ली रात्री साडेआठची नसते. कोणता दिवा बंद आहे, झाडाची फांदी कोणत्या दिव्याआड आली आहे, कोणत्या दुकानाचे शटर लवकर पडते, दुचाकी निसटून जायला वाट कुठे आहे, हे पायी फिरतानाच दिसते. सीसीटीव्ही असल्यास त्याचे घड्याळ बरोबर चालते का आणि चित्रण किती दिवस टिकते, हे तिथल्या तिथे तपासावे. वीस मिनिटे मागे असलेले घड्याळ तपासात घोटाळा करते.

यानंतर कामे वाटावीत, आणि पोलिसांकडे फक्त पोलिसांचीच द्यावीत. रस्त्यावरच्या दिव्यासाठी शहर भागात बेस्टकडे, उपनगरांत बहुतेक ठिकाणी अदानी कंपनीकडे, तर मुलुंड-भांडुपकडे महावितरणकडे खांबाचा क्रमांक देऊन तक्रार करावी. फांद्या आणि राडारोडा यांसाठी महापालिकेचे विभाग कार्यालय आहे. तातडीच्या प्रसंगी ११२ आणि पैशांच्या ऑनलाइन फसवणुकीसाठी १९३० हे क्रमांक प्रत्येक जिन्यात लावावेत.

मर्यादा पहिल्याच बैठकीत स्पष्ट कराव्यात. रहिवाशांनी पाहायचे, लिहायचे आणि कळवायचे. झडती, चौकशी आणि मारहाण यांपैकी काहीही करायचे नाही. डोळ्यांदेखत गंभीर दखलपात्र व अजामीनपात्र गुन्हा करणाऱ्याला पकडण्याची मुभा कायदा देतो, पण त्याला विनाविलंब, जास्तीत जास्त सहा तासांत, पोलिसांच्या ताब्यात द्यावे लागते. फेरीवाले, भाडेकरू आणि नव्याने आलेले मजूर यांच्यावर पाळत ठेवण्यासाठी ही वही वापरली गेली, तर वस्तीतले अर्धे लोक बोलायचे थांबतील आणि खबर तिथेच आटेल. भिवंडीत पोलीस अधिकारी सुरेश खोपडे यांनी उभारलेल्या मोहल्ला कमिट्या १९९२च्या डिसेंबरात, बाबरी मशीद पाडल्यानंतरच्या तणावात, उपयोगी पडल्या, त्या हिंदू आणि मुस्लिम अशा दोन्ही समाजांचे लोक आधीपासून एकत्र बसत होते म्हणूनच. मुंबईत मात्र दंगली होऊन गेल्यावर, १९९४ मध्ये, तत्कालीन पोलीस आयुक्त सतीश साहनी, माजी पोलीस आयुक्त ज्युलिओ रिबेरो आणि सामाजिक कार्यकर्त्या सुशोभा बर्वे यांच्या पुढाकाराने हे काम सुरू झाले.

अधिकाऱ्यांच्या बदल्या होणारच. चांगला निरीक्षक गेला की बैठका बंद पडतात, हा नेहमीचा अनुभव आहे. म्हणून वहीची एक प्रत ठाण्यात ठेवावी आणि नवे अधिकारी रुजू होताच, हार-नारळाऐवजी, ती घेऊन त्यांना भेटावे. दोन महिन्यांनी त्याच गल्लीतील नोंदी पुन्हा मोजाव्यात आणि शेजारच्या दोन गल्ल्यांतीलही. कारण दिवा लागला की चोर पुढच्या वळणावर सरकतो. तसे झालेले दिसले, तर पुढची फेरी त्या वळणावरून सुरू करावी.