गावात परसबाग-दर्शनाचा दिवस कसा भरवावा

परसबाग-दर्शनाचा दिवस, म्हणजे कोकणातल्या आपल्या घरांच्या बागा आणि तिथे मांडलेली इथली कला पाहुण्यांना दाखवण्याचा दिवस, भरवायचे ठरले की आधी घरे निवडावीत आणि तारीख त्यानंतर धरावी. एकाच वाडीतली, पाणंदीने किंवा पाखाडीने चालत जाता येतील अशी सहा-सात घरे पुरेशी होतात. त्याहून अधिक घरे घेतली तर पाहुणे शेवटच्या घरी पोहोचेपर्यंत दमलेले असतात आणि तिथल्या माणसांचे ऐकून घेण्याइतके भान कोणाला उरत नाही. निवड करताना कुंड्या रंगवून सजवलेल्या अंगणापेक्षा राबत्या आगराला, म्हणजे घरामागच्या माड-पोफळीच्या बागेला, मान द्यावा, असे माझे ठाम मत आहे. माड, पोफळी, पोफळीवर चढवलेली मिरवेल, खाली केळी, न्हाणीच्या सांडपाण्यावर वाढलेले अळू आणि गडग्याला, म्हणजे दगडी कुंपणाला, लागून उभे असलेले रातांब्याचे (कोकमाचे) झाड, ही मांडणी पिढ्यान्‌पिढ्यांच्या अनुभवातून आलेली आहे आणि तीच लोकांनी पाहावी.

बाग दाखवण्याचे काम घरच्याच माणसाकडे द्यावे. जायफळाची नर आणि मादी झाडे निराळी असतात, फळ मादी झाडालाच धरते आणि म्हणून आगरात एखादे नर झाड मुद्दाम राखावे लागते, ही गोष्ट घरच्या आजींनी झाडाखाली उभे राहून सांगितली की कायमची लक्षात राहते. झाडांना पाट्या लावायच्या असतील तर गावात चालणारे नाव आधी आणि मोठ्या अक्षरात लिहावे. ज्या गावात भिरंड म्हणतात तिथे भिरंड, जिथे रातांबा म्हणतात तिथे रातांबा. पाटी खोडाला खिळ्याने ठोकू नये, सुंभाने सैल बांधावी.

तारखेसाठी जानेवारीचा उत्तरार्ध सोयीचा पडतो. तुळशीच्या लग्नानंतर गावोगावच्या जत्रा सुरू होतात, तेव्हा आपल्या आणि शेजारच्या गावांच्या जत्रेचा दिवस टाळावा. मे महिन्यात मुंबईकर चाकरमानी गावी असतात खरे, परंतु त्याच वेळी आंब्याची काढणी आणि पेट्या भरण्याची घाई असते, उकाडाही सोसवत नाही. जानेवारीत मात्र एक पथ्य कटाक्षाने पाळावे लागते. या दिवसांत मोहोरावरच्या तुडतुडे या किडीसाठी आंब्याच्या कलमांवर औषधाची फवारणी चालू असते, म्हणून प्रत्येक बागायतदाराला फवारणीचा दिवस आधी विचारून घ्यावा आणि नुकतीच फवारणी झालेली बाग त्या दिवसापुरती बंद ठेवावी. तसेच आठवडाभर आधी पाडेल्याला, म्हणजे माडावर चढून नारळ उतरवणाऱ्याला, बोलावून वाटेवरच्या माडांचे तयार नारळ आणि सुकलेली झापे उतरवून घ्यावीत. माडाखाली बाके किंवा खुर्च्या कधीही मांडू नयेत. कठडा नसलेल्या विहिरीभोवती बांबू बांधावेत आणि तिथे एक जाणते माणूस उभे करावे.

आता कलेविषयी थोडे विस्ताराने लिहितो, कारण सर्वाधिक चुका इथेच होतात. आमच्या वाडीत पहिल्या खेपेस आम्ही चित्रे विहिरीजवळ दोरीवर टांगली होती. खाऱ्या वाऱ्याने आणि दमट हवेने दुपारपर्यंत कागद गुंडाळू लागले आणि एका तरुण चित्रकाराचे दोन कागद खराब झाले. त्याला आम्ही भरपाई दिली, पण ते काम परत आले नाही, याची खंत मला अजून आहे. तेव्हापासून कागदावरचे काम पडवीत किंवा ओटीवर भिंतीला लावायचे आणि मातीचे, बांबूचे, जांभ्या दगडाचे काम तेवढे बागेत मांडायचे, असा नियम आम्ही केला.

आपल्या भागातल्या कलांना त्यांच्या रीतीनेच जागा द्यावी. कुडाळजवळच्या पिंगुळीची चित्रकथी ही भिंतीवर लावून पाहण्याची चित्रे नव्हेत. ठाकर समाजातील कलावंत पोथीतले एकेक चित्र पुढे धरून कथा गातात. या परंपरेतील परशुराम गंगावणे यांना 2021 साली पद्मश्री जाहीर झाली. चित्रकथी ठेवायची असेल तर उन्हे उतरल्यावर खळ्यात, म्हणजे घरापुढच्या अंगणात, सर्वांना बसवून, तासभराचा निवांत वेळ द्यावा. सावंतवाडीच्या गंजिफांचे, म्हणजे हाताने रंगवलेल्या खेळायच्या पत्त्यांचे, तसेच आहे. दशावतारी संचात 10 रंगांची प्रत्येकी 12, म्हणजे 120 गोल पाने असतात; ती काचेखाली ठेवण्याऐवजी ओटीवर चटई घालून, जाणत्या माणसाने चार जणांना डाव समजावून देत दाखवली तर लोक हलत नाहीत. मौल्यवान जुना संच यासाठी मागू नये, रोजच्या हाताळणीचा घ्यावा.

कलावंताला मानधन आणि जाण्यायेण्याचा खर्च आधी ठरवून द्यावा, आणि विकलेल्या वस्तूचा सगळा पैसा त्याचाच असावा. आयोजनाचा खर्च प्रवेशिकेतून आणि रोपांच्या विक्रीतून काढावा. ग्रामपंचायतीला पत्र, माठातले पाणी, कोकम सरबत, स्वच्छतागृह असलेल्या दोन घरांची सोय आणि कुत्री बांधून ठेवण्याची विनंती, ही कामे दोघांनी वाटून घेतली की उरकतात.

हिशेब त्याच संध्याकाळी, खळ्यातच करावा. लांबून आलेल्या कलावंतांची शेवटची एसटी किती वाजता आहे ते सकाळीच विचारून ठेवावे आणि त्यांचे पैसे त्याआधी हातात द्यावेत.