आम्ल-आम्लारी अनुमापन काळजीपूर्वक कसे करावे

हायड्रोक्लोरिक आम्लाची संहती (द्रावणात विरघळलेल्या पदार्थाचे प्रमाण) माहीत नसेल, तर संहती माहीत असलेल्या सोडिअम हायड्रॉक्साइड या आम्लारीच्या द्रावणाने त्याचे उदासिनीकरण करून ती काढता येते. या पद्धतीला अनुमापन म्हणतात. विद्यार्थ्यांचे सारे लक्ष रंग बदलण्याच्या क्षणाकडे असते, पण उत्तर अनेकदा त्याच्या कितीतरी आधी, उपकरणे धुतानाच बिघडलेले असते.

ब्युरेट (खाली तोटी असलेली, खुणा केलेली लांब काचनळी) प्रथम ऊर्ध्वपातित पाण्याने आणि मग तिच्यात भरायच्या आम्लारीच्या थोड्या द्रावणाने विसळावी, कारण आत राहिलेल्या पाण्याने द्रावण विरल होते. ठरावीक आकारमानाचा द्रव मोजून घेणारी नळी, म्हणजे पिपेटही, अशीच आम्लाने विसळावी. शंकुपात्र मात्र केवळ पाण्याने धुवावे. ते आम्लाने विसळले, तर आतून चिकटून राहिलेल्या आम्लाची मोजून घेतलेल्या आम्लात भर पडते, उलट पाण्याचे थेंब राहिले तरी आम्लाचे एकूण प्रमाण तेवढेच राहते.

ब्युरेट भरल्यावर नरसाळे काढून ठेवावे. तोटी क्षणभर पूर्ण उघडून खालच्या टोकातील हवेचा बुडबुडा घालवावा, अन्यथा तो मध्येच निघतो आणि पात्रात न पडलेले द्रावणही मोजले जाते. वाचन घेताना डोळा पातळीच्या रेषेत ठेवून अंतर्वक्र पृष्ठभागाचा तळ पाहावा.

आता पिपेट फिलरच्या साहाय्याने २५ मिलिलीटर आम्ल शंकुपात्रात घ्यावे. पिपेटच्या टोकात उरलेला थेंब फुंकून काढू नये, कारण पिपेटवरील खूण तो थेंब गृहीत धरूनच केलेली असते. फिनॉल्फ्थॅलिन या दर्शकाचे (आम्लात रंगहीन, आम्लारीत गुलाबी) दोन-तीन थेंब टाकून पात्राखाली पांढरी फरशी ठेवावी. एका हाताने तोटी सांभाळत दुसऱ्या हाताने पात्र सतत गोलाकार हलवावे. सुरुवातीला आम्लारी जिथे पडते तिथे गुलाबी छटा उमटते आणि लगेच विरते. ती विरायला वेळ लागू लागला की धार थांबवून एकेक थेंब सोडावा. सुमारे अर्धा मिनिट टिकणारी अगदी फिकट गुलाबी छटा हा समापनबिंदू होय. गडद गुलाबी रंग दिसायला सुंदर असला तरी आम्लारी जास्त पडल्याचीच ती खूण आहे. पुढे काही वेळाने ही फिकट छटाही नाहीशी झाली तर आणखी थेंब टाकू नयेत. हवेतील कार्बन डायऑक्साइड द्रावणात विरघळल्यामुळे तसे होते.

पहिले अनुमापन अंदाजापुरतेच धरावे आणि नंतर ०.१ मिलिलीटरच्या आत जुळणारी वाचने मिळेपर्यंत प्रयोग पुन्हा करावा. समजा, ०.१ मोलार (म्हणजे लीटरमागे ०.१ मोल) सोडिअम हायड्रॉक्साइडचे सरासरी २२.५ मिलिलीटर द्रावण लागले. ही दोन्ही संयुगे १:१ या मोल-प्रमाणात अभिक्रिया करतात, म्हणून आम्लाची संहती ०.१ × २२.५ ÷ २५, म्हणजे ०.०९ मोलार येते.

प्रयोग संपल्यावर ब्युरेट लगेच रिकामी करून पाण्याने धुवावी, कारण आम्लारी तशीच राहिल्यास काचेची तोटी घट्ट बसून फिरेनाशी होते.