१२३४५६७८९ चे अवयव कागद-पेनाने कसे पाडायचे

मोठी संख्या दिसली की बरेच जण लगेच २, ३, ५, ७ ने भागत सुटतात, पण तसं करू नका, आधी संख्येकडे नीट बघा. आपण १२३४५६७८९ घेऊ, लक्षात ठेवायला सोपी आहे आणि आत मस्त काहीतरी लपलंय.

शेवटी ९ आहे म्हणजे २ आणि ५ कटाप. अंकांची बेरीज ४५, म्हणजे ९ ने भाग जाणार, भागून टाका, उरले १३७१७४२१. याची बेरीज २६ म्हणजे ३ चं काम संपलं. आता ७, ११, १३ तिन्ही एका फटक्यात तपासता येतात कारण ७ × ११ × १३ = १००१, त्यासाठी उजवीकडून तीन-तीन अंकांचे गट पाडायचे आणि आलटून पालटून अधिक-वजा करायचं: ४२१ − ७१७ + १३ = −२८३. चिन्ह सोडा, २८३ ला या तिघांपैकी कोणानेच भाग जात नाही, विषय संपला.

इथून पुढे १७, १९, २३ करत गेलात तर वर्गमूळापर्यंत म्हणजे ३७०३ पर्यंत जावं लागेल, त्यात पाचशेच्या वर मूळ संख्या येतात, नुसता वेळ जाईल. म्हणून इथे सतराव्या शतकातला फ्रेंच गणितज्ञ फर्मा याची पद्धत लावून बघाच, मला ही फार आवडते. वर्गमूळाच्या लगेच वरची संख्या घ्या, तिचा वर्ग करा, त्यातून आपली संख्या वजा करा आणि बाकी पूर्ण वर्ग आहे का बघा.

३७०४ चा वर्ग १३७१९६१६, वजा केल्यावर २१९५. पूर्ण वर्गाच्या शेवटी ५ असेल तर शेवटचे दोन अंक २५ च असतात, इथे ९५ आहेत, म्हणजे वर्गमूळ काढायचीही गरज नाही, पुढे चला. ३७०५ चा वर्ग १३७२७०२५, वजा केल्यावर ९६०४, आणि हा ९८ चा वर्ग! मग शाळेतलं वर्गांच्या वजाबाकीचं सूत्र लावा: (३७०५ − ९८) × (३७०५ + ९८), म्हणजे ३६०७ × ३८०३. दुसऱ्याच पायरीला सुटलं.

हे दोन्ही मूळ आहेत का ते मात्र तपासायचं, आणि त्याला आता फक्त ६१ पर्यंतच्या मूळ संख्या पुरतात. दोन्ही मूळच निघतात. म्हणजे १२३४५६७८९ = ३² × ३६०७ × ३८०३.

एकदा हे हातात आलं की बाकीचं पटापट निघतं. विभाजक किती, तर प्रत्येक घातांकात १ मिळवून गुणा: ३ × २ × २ = १२. विभाजकांची बेरीज (१ + ३ + ९) × ३६०८ × ३८०४ = १७८४२२८१६, त्यातून मूळची संख्या काढली तर ५४९६६०२७ उरतात, म्हणजे संख्येच्या निम्म्यापेक्षाही कमी.

फर्माने १६४३ मध्ये याच पद्धतीने २०२७६५१२८१ चे ४४०२१ आणि ४६०६१ असे अवयव पाडले होते. दोन्ही ठिकाणी ती पटकन चालली कारण दोन अवयव एकमेकांच्या जवळ होते. एक छोटा आणि एक अवाढव्य असेल तर ही पद्धत रखडते, म्हणून आधी छोट्या मूळ संख्यांनी भागून घ्यायचं आणि मगच वर्गांकडे वळायचं.